पिट स्ट्रीटवरचे शेजारी

मलेशियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या पेनांग बेटावर जॉर्ज टाऊन हे जुने बंदर आहे. तिथल्या एका रस्त्यावर उत्तरेकडच्या अँग्लिकन चर्चपासून चालायला सुरुवात केली, तर दहा-बारा मिनिटांत आधी चिनी देवीचे देऊळ लागते, मग तमिळांच्या मारीअम्मनचे आणि त्यापुढे तमिळ मुसलमानांनी उभारलेली मोठी मशीद. इंग्रजी अमलात हा पिट स्ट्रीट होता. आता त्याचे अधिकृत नाव मशिदीवरून ‘जालान मस्जिद कपितान केलिंग’ असे आहे आणि पर्यटकांच्या पत्रकांत तो ‘सलोख्याचा रस्ता’ म्हणून मिरवतो. अर्ध्या दिवसात शहर दाखवणाऱ्या सहली बहुधा या रस्त्याभोवतीच आखलेल्या असतात, कारण वेगवेगळ्या धर्मांची आणि वंशांची माणसे एकमेकांना लागून कशी राहतात हे दाखवायला याहून सोयीची जागा मिळणे कठीण आहे. इतक्या सोयीच्या जागांविषयी माझ्या मनात थोडी शंका असते, आणि ती घेऊनच मी ताईबरोबर त्या सकाळच्या सहलीला निघाले.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. लग्न होऊन ती नगरला गेली, तिथल्याच शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाली, आणि गाव सरकारदरबारी अहिल्यानगर झाले तरी बोलताना तिच्या तोंडी अजून नगरच येते. कुठल्याही परक्या गावात तिचा पहिला प्रश्न ‘हे कुणी बांधले?’ असा नसतो. ‘हे कुणाकडून घेतले?’ असा असतो. जॉर्ज टाऊनमध्ये या प्रश्नाला बऱ्यापैकी सविस्तर उत्तर आहे.

आमची सहल समुद्रकाठच्या कॉर्नवॉलिस किल्ल्यापासून सुरू झाली. ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने फ्रान्सिस लाइट या दर्यावर्दी व्यापाऱ्याने ११ ऑगस्ट १७८६ रोजी हे बेट ताब्यात घेतले, ते याच जागी. बेट केदाहच्या सुलतानाचे होते. सयामचे, म्हणजे आजच्या थायलंडचे, राज्य त्याच्या उरावर बसले होते आणि बेटाच्या बदल्यात कंपनी आपल्याला लष्करी मदत देईल अशी त्याची अपेक्षा होती. लाइटने त्याला तशी आशा दाखवली, कंपनीने मात्र मदतीचा शब्द कधीच दिला नाही. १७९१ मध्ये सुलतानाने समोरच्या किनाऱ्यावर सैन्य जमवून बेट परत घेण्याची तयारी केली, तर लाइटनेच त्याच्यावर चालून जाऊन त्याचा मोड केला आणि वर्षाला सहा हजार स्पॅनिश डॉलरवर तहाची बोळवण झाली. मदतीच्या आशेने कंपनीला उंबऱ्याच्या आत घेणाऱ्याचे पुढे काय होते, हे वसईचा तह शिकलेल्या मराठी माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. जंगल भराभर तोडले जावे म्हणून लाइटने तोफेत चांदीची नाणी भरून ती झाडीत उडवली, अशी दंतकथा इथे आवडीने सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, लाइटच्या स्वभावाला शोभणारी आहे.

किल्ल्यात लाइटचा पुतळा आहे. तो १९३६ साली घडवला तेव्हा लाइटचे एकही चित्र हाताशी नव्हते, म्हणून त्याच्या मुलाच्या, विल्यम लाइटच्या चेहऱ्यावरून बापाचा चेहरा बेतला. या विल्यमने पुढे ऑस्ट्रेलियातले ॲडलेड शहर वसवले. त्याची आई मार्टिना रोझेल्स ही पोर्तुगीज आणि सयामी रक्ताची असल्याचे सांगतात. म्हणजे ज्या इंग्रज संस्थापकाच्या पुतळ्यासमोर उभे राहून लोक छायाचित्रे काढतात, त्याचा चेहरा प्रत्यक्षात एका मिश्र वंशाच्या मुलाचा आहे. वाटाड्याने ही गोष्ट गमतीची म्हणून सांगितली आणि तो पुढे निघाला. मला मात्र सकाळभर तो चेहरा आठवत राहिला.

ताईचे लक्ष दुसरीकडेच होते. किल्ल्याच्या तटापलीकडे खाडीसारखा अरुंद समुद्र आहे आणि त्यापलीकडे मुख्य भूमीचा किनारा दिसतो. १८०० साली कंपनीने तोही सुलतानाकडून घेतला, वार्षिक रक्कम दहा हजार डॉलर केली आणि त्या पट्टीला तेव्हाचा गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली याचे नाव दिले. ही रक्कम पुढे मलेशिया स्वतंत्र झाल्यावरही केदाहला मिळत राहिली, फक्त देणारा बदलला. रिचर्डचा धाकटा भाऊ आर्थर १७९७ मध्ये मनिलावर निघालेल्या मोहिमेबरोबर इथे येऊन थांबला होता. मोहीम रद्द झाली, पण बसल्या बसल्या त्याने या बेटाच्या उपयोगाविषयी एक टिपण लिहून ठेवले. आर्थर वेलस्ली म्हणताच ताईने माझा दंड धरला. “अगं, हाच तो. सहा वर्षांनी आमच्या नगरचा किल्ला यानेच घेतला, ऑगस्ट १८०३. पुढच्याच महिन्यात असई.” नगरच्या किल्ल्याजवळच्या ज्या चिंचेखाली बसून तो जेवल्याचे सांगतात, तिची हकीकत तिने वाटाड्याला इंग्रजीतून सांगितली. तो सौजन्याने ऐकत होता, पण आमच्या गटातल्या एका ऑस्ट्रेलियन जोडप्याला ऊन लागू लागले होते, तेव्हा पेशव्यांपर्यंत काही जाता आले नाही.

व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला साठ वर्षे झाली म्हणून बांधलेला साठ फुटी घड्याळाचा मनोरा जपानी बॉम्बहल्ल्यापासून किंचित कलला आहे. तो रस्त्यातूनच पाहून आम्ही पिट स्ट्रीटला लागलो.

सेंट जॉर्ज चर्च १८१८ साली पूर्ण झाले. पांढरे, खांबांचे, नीटस. बांधकामाला मजूर होते ते हद्दपारीची शिक्षा झालेले कैदी. अंदमानातली पहिली वसाहत रोगराईने टिकेना म्हणून १७९६ मध्ये तिथल्या कैद्यांना इथे आणले गेले, आणि पुढे कित्येक दशके बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांतून ‘काळ्या पाण्या’ची शिक्षा झालेली माणसे मलाक्काच्या सामुद्रधुनीतल्या वसाहतींत येत राहिली. रस्ते, गटारे आणि सरकारी इमारती त्यांनी बांधल्या. आपल्याकडे काळे पाणी म्हटले की डोळ्यांसमोर अंदमानचा सेल्युलर तुरुंग उभा राहतो, पण तो विसाव्या शतकाच्या तोंडाशी पुरा झाला. त्याच्या कितीतरी आधी दख्खनच्या किंवा कोकणच्या कुणा माणसाने या रस्त्यावर खडी फोडली असेल. बहुसांस्कृतिक म्हणून जे शहर आज दाखवले जाते, त्यातली बरीच संस्कृती अशी बेड्या घालून आलेली आहे, आणि पत्रकात तिचे देऊळ नसल्यामुळे तिचा थांबाही नाही.

चर्चपासून थोड्याच अंतरावर कुआन यिन या करुणेच्या देवीचे देऊळ आहे. होक्कियन आणि कँटोनीज या दोन बोलींच्या चिनी वस्तीने मिळून ते १८०० च्या सुमारास उभारले. अंगणात मनगटाएवढ्या जाड उदबत्त्या जळत असतात आणि धुराने डोळे चुरचुरतात. पुढे मारीअम्मनचे देऊळ, १८३३ चे. त्याचे मुख्य गोपुर मागच्या क्वीन स्ट्रीटवर उघडते, जिथे फुलांचे हार, पितळी समया, साड्या आणि मोठ्या आवाजातली तमिळ गाणी यांचा बाजार आहे. आणि त्यानंतर १८०१ ची कपितान केलिंग मशीद. तिचे आजचे घुमट विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या फेरबांधणीतले आहेत. मशिदीसाठी कंपनीने अठरा एकर जागा दिली होती, आणि ती मिळवणारा कादर मोहिद्दीन हा तमिळ मुसलमानांचा ‘कपितान’ होता.

या रस्त्याची किल्ली मला त्या कपितानाच्या हुद्द्यात सापडली असे वाटते. कंपनीजवळ माणसे थोडी होती आणि बंदरावर उतरणाऱ्यांच्या भाषा अनेक. तेव्हा तिने प्रत्येक जमातीतला एक वजनदार माणूस निवडला, त्याला कपितान केले आणि त्याच्या लोकांचे तंटे, वर्गण्या, लग्ने आणि दफने त्याच्यावर सोपवली. चिन्यांचा कपितान वेगळा, तमिळ मुसलमानांचा वेगळा. देवळांना आणि मशिदींना जागा दिल्या त्या याच हिशेबाने, एकाच नव्या रस्त्याच्या कडेने, पण एकमेकांच्या कुंपणाबाहेर. शेजार जुळला तो प्रेमाने जुळला असे नव्हे. प्लॉट पाडणाऱ्याने तो जुळवला. हे म्हणताना मला त्या शेजाराला कमी लेखायचे नाही. दोनशे वर्षे भिंतीला भिंत लावून घंटा, अजान आणि उदबत्तीचा धूर सहन करणे ही साधी गोष्ट नव्हे, आणि आपल्याकडच्या कित्येक मोहल्ल्यांना ती दोनशे दिवसही साधत नाही. पण ‘सलोखा’ म्हणून जे दाखवले जाते ते मुळात प्रशासनाचे कोष्टक होते. या कोष्टकाला मलेशिया अजून पुरती मुकलेली नाही. सरकारी अर्जावर आजही मलय, चिनी, भारतीय आणि ‘इतर’ असे रकाने असतात.

खरी गंमत ते रकाने मोडतात तेव्हा येते, आणि ते पहिल्यांदा जोरात मोडले ते मारामारीत. मशिदीच्या पुढे कॅनन स्ट्रीट नावाची चिंचोळी गल्ली आहे. १८६७ च्या ऑगस्टमध्ये या भागात दहा दिवस दंगल पेटली होती आणि तोफगोळ्यांनी पडलेल्या खड्ड्यांवरून गल्लीला हे नाव पडले म्हणतात. चिनी विरुद्ध मलय किंवा हिंदी विरुद्ध चिनी असे काही असेल असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात एका बाजूला मुख्यतः कँटोनीज लोकांची घी हिन ही गुप्त मंडळी आणि तिच्या जोडीला मलय व तमिळ मुसलमानांची पांढऱ्या झेंड्याची मंडळी होती. दुसऱ्या बाजूला होक्कियन लोकांची तोआ पेह काँग आणि तिच्या जोडीला तांबड्या झेंड्याचे मुसलमान. म्हणजे मुसलमान मुसलमानांशी आणि चिनी चिन्यांशी लढत होते, आणि दोन्ही फळ्यांत चिनी आणि मुसलमान खांद्याला खांदा लावून उभे होते. या झेंड्यांच्या मंडळ्या मोहरमच्या मिरवणुकांतून वाढल्या होत्या. बंदरातला धंदा, वस्तीतला दबदबा आणि मिरवणुकीतला मान यांच्यापुढे वंश मागे पडला होता. नंतर सरकारने या मंडळ्यांना दंड करून त्या पैशांतून पोलीस चौक्या बांधल्या. या रस्त्यावर सर्वांत आधी एकत्र आले ते गुंड, असे मी ताईला म्हणाले, तर ती म्हणाली, “गुंडच आधी एकत्र येतात. त्यांना सोयीचं काय ते लवकर कळतं.”

त्याच गल्लीच्या आतल्या अंगाला खू कोंगसी आहे. फुकियनहून आलेल्या खू आडनावाच्या कुळाचे हे सभागृह, कुलदैवताचे देऊळ आणि पूर्वजांच्या नावांच्या पाट्यांचे घर. चाळीसारख्या घरांच्या रांगांआड ते असे दडवले आहे की अरुंद बोळातून बाहेर पडेपर्यंत आत एवढे प्रशस्त फरसबंद आवार असेल याची कल्पना येत नाही. आधीची इमारत १९०१ साली जळाली. ती सम्राटाच्या महालाशी बरोबरी करू लागली होती आणि देवांना ते रुचले नाही, असे कुळातलेच लोक सांगतात. आजची १९०६ ची आहे आणि तिचे छप्पर ड्रॅगन, फुले आणि माणसांच्या चिनीमातीच्या गर्दीने इतके लगडले आहे की बघणाऱ्याचीच मान अवघडते. मी मात्र दारापाशीच रेंगाळले. तिथे पहाऱ्यावर फेटेवाले, दाढीवाले दोन दगडी शीख उभे आहेत. इंग्रजांनी पोलीस आणि पहारेकरी म्हणून आणलेले शीख श्रीमंत चिन्यांच्या दारांवर दिसू लागले, तेव्हा एका चिनी कुळाला आपल्या पूर्वजांच्या दारात तेच ठेवावेसे वाटले. कुठल्याही कोष्टकात न बसणारी अशी चित्रे या शहरात पावलोपावली आहेत. पौष पौर्णिमेच्या सुमारास थायपुसम या तमिळ सणाला मुरुगनचा, म्हणजे कार्तिकेयाचा, रथ निघतो तेव्हा त्याच्या वाटेवर नारळ फोडणाऱ्यांत चिनी व्यापाऱ्यांचे ढीग सर्वांत मोठे असतात, हे मला वाटाड्याकडून कळले. त्याने मोबाइलवर दाखवलेल्या चित्रफितीत सगळा रस्ता खोबऱ्याने पांढरा झालेला होता.

आर्मेनियन स्ट्रीटवर भिंतचित्रांपुढे रांगा होत्या. भिंतीत बसवलेल्या खऱ्या सायकलीवर रंगवलेली दोन मुले, हे २०१२ चे चित्र शहराची ओळख होऊन बसले आहे आणि त्यापुढे उभे राहण्यासाठी लोक उन्हात तिष्ठतात. त्याच रस्त्यावरच्या १२० क्रमांकाच्या घरातून सन यत-सेनने १९१० मध्ये चिनी क्रांतीसाठी पैसा उभा करण्याची तयारी केली, तिकडे गर्दी नव्हती. २००८ मध्ये युनेस्कोने शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्याआधीच, २००० च्या आरंभी, जुना भाडेनियंत्रण कायदा संपला होता, आणि पिढ्यान्‌पिढ्या दुकानावरच्या माडीत राहणारी असंख्य भाडेकरू कुटुंबे उपनगरांत निघून गेली होती. आता त्या माड्यांत कॉफीची दुकाने आणि लहान हॉटेले आहेत. दुकानांपुढून सलग जाणाऱ्या पाच फुटी पडव्या तेवढ्या पूर्वीसारख्याच सावली देतात. मुंबईच्या गिरगावात ज्यांचे बालपण गेले त्यांना ही गोष्ट नवी नाही, म्हणून ती लांबवत नाही.

लाकडी खांबांवर समुद्रात उभ्या असलेल्या चिनी कुळांच्या धक्क्यावर आम्ही थोडा वेळ होतो. मग व्हॅनने पुलाउ तिकुस भागात जाऊन एकाच गल्लीत समोरासमोर असलेली सयामी आणि ब्रह्मी बौद्ध देवळे पाहिली. सयामी देवळात ३३ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध आहे, ब्रह्मी देवळात उभा. दोन देशांनी एकमेकांशी शतकानुशतके लढाया केल्या आणि इथे दोघांचे बुद्ध गल्लीच्या दोन्ही काठांनी शांत आहेत. एवढे वाक्य वाटाड्याने ठेवणीतले म्हणून टाकले. ते चांगले होते, पण ऐकल्याबरोबर टाळ्या अपेक्षित आहेत असे वाटणारी वाक्ये मला फारशी मानवत नाहीत.

त्याच्याकडून ठेवणीत नसलेली गोष्ट मिळाली ती जेवताना. सहल संपली तिथे नासी कंदारचे जुने दुकान होते. पूर्वी तमिळ मुसलमान फेरीवाले कावडीच्या एका टोकाला भाताचा हंडा आणि दुसऱ्या टोकाला कालवणांचे टोप अडकवून धक्क्यावरच्या हमालांना जेवू घालीत, त्या कावडीचे हे दुकान झाले. भातावर कोंबडीचा, माशाचा आणि भेंडीचा असे दोन-तीन प्रकारचे रस मुद्दाम एकावर एक ओततात. रस एकमेकांत मिसळलेच पाहिजेत. वेगळे वाढा म्हटले तर वाढणारा नाराज होतो. रांगेत चिनी कारकून होते, हिजाब घातलेल्या विद्यार्थिनी होत्या, आम्ही दोघी होतो. वाटाडा आमच्याबरोबरच बसला. ताईने तिच्या सवयीप्रमाणे विचारले, तुमचे लोक मूळचे कुठले? पणजोबा तंजावरकडचे, ते मसाल्याच्या धंद्यात आले. आजी मलय. आईच्या बाजूला कुणीतरी चिनी दत्तक मुलगी होती, तिचे नाव कुणाला ठाऊक नाही. “आणि अर्जावर काय लिहिता?” त्याने हसून सांगितले, मलय लिहितो, भावाने भारतीय लिहिले आहे. एकाच आईबापांची दोन मुले दोन रकान्यांत. त्यात त्याला काही विशेष वाटत नव्हते. कुठल्या रकान्याला कोणत्या सवलती आहेत हे तिथल्या प्रत्येकाला पाठ असते.

दुपार मोकळी होती. पत्रकात नसलेल्या एका जागी जाण्याचा हट्ट ताईने घरूनच धरला होता, ती म्हणजे जुने प्रोटेस्टंट दफनस्थान. चाफ्याच्या मोठमोठ्या झाडांखाली शेवाळलेल्या कबरी, त्यात १७९४ मध्ये मलेरियाने गेलेल्या लाइटची. ताईला ती नको होती. तिला हवी होती थॉमस लिओनोवेन्सची, जो मे १८५९ मध्ये इथे वारला आणि पेनांगमध्ये हॉटेल चालवत असे. त्याची बायको ॲना. पुढे सयामच्या मोंगकुट राजाच्या मुलांना इंग्रजी शिकवायला गेलेली, आणि जिच्या आठवणींवरून कादंबरी, नाटक, सिनेमे झाले, तीच ही ॲना लिओनोवेन्स. तिने जगाला सांगितले की आपण वेल्समध्ये जन्मलो, आपला नवरा सैन्यात मेजर होता आणि वाघाच्या शिकारीनंतर ऊन लागून गेला. १९७० च्या दशकात संशोधकांनी कागदपत्रे चाळली तेव्हा कळले की तिचा जन्म १८३१ चा आणि नगरचा. बाप मुंबई इलाख्याच्या फौजेतला सार्जंट, तिच्या जन्माआधीच वारलेला. आईचे वडील त्याच फौजेतले अधिकारी, आणि आजी बहुधा हिंदुस्थानी. थॉमस साधा कारकून होता आणि त्यांचे लग्न १८४९ च्या नाताळात पुण्यात लागले होते. नगरला लष्करी छावणी होती म्हणून ही मुलगी तिथे जन्मली, आणि छावणी होती कारण त्या चिंचेखालच्या पाहुण्याने किल्ला घेतला होता.

कबरीपुढे आमचा वाद झाला. माझे म्हणणे असे, की ज्या बेटाच्या संस्थापकाचा स्वतःचा संसार मिश्र होता, जिथे मिसळलेल्यांची काही वाण नव्हती, तिथून निघालेल्या बाईने जन्मभर आजीला लपवावे हे वाईट आहे; मुलांना, नातवंडांनाही तिने खरे सांगितले नाही. ताईला हे अजिबात पटले नाही. “तुला आज सोपं आहे गं. नवरा गेला, पदरात दोन पोरं, हातात पैसा नाही. राजाला इंग्रज बाई हवी होती. नगरच्या छावणीतल्या सार्जंटाची मुलगी, सावळ्या आजीची नात म्हणून गेली असती, तर तिला कुणी बोटीवर तरी चढू दिलं असतं का?” मी विल्यम लाइटचे उदाहरण दिले, की त्याने काही लपवले नाही. तो पुरुष होता आणि त्याच्या बापाने बेट घेतले होते, असे उत्तर आले. त्याला माझ्याकडे प्रत्युत्तर नव्हते, पण ॲनाने म्हातारपणी कॅनडात, सुखवस्तू आणि प्रसिद्ध झाल्यावर तरी सांगायला हरकत नव्हती, असे मला अजून वाटते. ताई म्हणते, तोवर तिलाच ते खरे वाटू लागले असेल.